सेल बदलला तरी मेमरी पुन्हा कोरी: एसरॅमच्या बॅटरी-बॅकअपमधली गळती कशी शोधायची

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचं आहे. यंत्राच्या कंट्रोल बोर्डावर ६२२५६ किंवा ६२६४ जातीची एसरॅम चिप (वीज गेली की रिकामी होणारी मेमरी) असते आणि मशीन बंद असताना तिला जिवंत ठेवायला शेजारी सीआर२०३२ सेल. साप्ताहिक सुटीनंतर, नाहीतर गणपतीत चार-पाच दिवस कारखाना बंद राहिल्यावर ऑपरेटर येऊन स्विच टाकतो, तर पॅरामीटर गायब. सेल मोजला की उतरलेला सापडतो. नवा सेल बसतो, पॅरामीटर पुन्हा भरले जातात आणि चार-सहा महिन्यांनी तोच प्रकार. अंधेरी एमआयडीसी असो की ठाण्याचं वागळे इस्टेट, जुनी सीएनसी, मोल्डिंग मशीन, वजनकाटे सांभाळणाऱ्यांनी हे चक्र इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की दर पावसाळ्याआधी सेल बदलायचा असा नियमच काही ठिकाणी झाला आहे.

सेल बदलणं ही दुरुस्ती नाही. साधा हिशोब करून पाहा. सीआर२०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. कमी करंटवाली ६२२५६ नुसती डेटा धरून बसते तेव्हा खोलीच्या तापमानाला तिला १ मायक्रोअँपिअरच्या आसपास लागतो. बाकी किरकोळ धरून ३ मायक्रोअँपिअर म्हटलं, तरी सेल ७३ हजार तास, म्हणजे आठ वर्षं चालायला हवा. तोच सहा महिन्यांत, म्हणजे सुमारे ४,३८० तासांत संपतोय, याचा अर्थ ५० मायक्रोअँपिअर कुठेतरी जातोय. शिवाय मशीन रोज दहा तास चालू असेल तर त्या वेळात सेलवर भार नसतो. उरलेल्या चौदा तासांतच तो संपतोय, म्हणजे खरी गळती ८५ च्या घरात आहे. एवढा करंट चांगली एसरॅम मागत नाही. तो सर्किटमधून जातो आणि ती वाट शोधता येते.

आधी डेटा कसा बिघडलाय ते वाचा

पुन्हा पॅरामीटर भरण्याची घाई करू नका. शक्य असेल तर मेमरी आहे तशी वाचून काढा, मॉनिटर प्रोग्रॅममधून किंवा सिरीअल पोर्टवरून. सगळी मेमरी अर्थहीन आकड्यांनी भरलेली असेल, तर चिपचं व्होल्टेज खरोखर खाली गेलं होतं. पण बाकी सगळं जागेवर आणि मधलेच दोन-चार बाइट बदललेले, असं दिसलं तर सेल, गळती, डायोड यांच्या मागे लागू नका. तो वीज जाताना किंवा येताना प्रोसेसरने मेमरीत केलेला भलताच राइट, म्हणजे चुकून लिहिलेला आकडा आहे. त्याचं कारण आणि उपाय दोन्ही वेगळे, पुढे येतील. हा फरक न पाहता काम सुरू केलं की चुकीच्या जागी दिवस जातो.

एसरॅमच्या एका बिटमध्ये सहसा सहा ट्रान्झिस्टर असतात. दोन इन्व्हर्टर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून रिफ्रेशची गरज नसते आणि व्होल्टेज बरंच उतरलं तरी बिट टिकतो. ६२२५६ च्या घराण्यात डेटा टिकण्याची हमी सहसा २ व्होल्टपर्यंत असते, काही नव्या चिपना १.५ पर्यंत. मात्र या हमीला एक अट जोडलेली असते आणि तीच नेमकी विसरली जाते: चिप-इनेबल पिन (चिपला कामाला बोलावणारी, खाली गेली की चालू) व्हीसीसीच्या, म्हणजे चिपच्या पुरवठा-व्होल्टेजच्या, ०.२ व्होल्टच्या आत असली पाहिजे. ती खाली घसरली की चिपला वाटतं आपल्याला बोलावलंय. मग आतले बफर जागे होतात, करंट मायक्रोवरून मिलिअँपिअरकडे जातो आणि हमी संपते.

गळती मोजणं

मल्टिमीटर मायक्रोअँपिअर रेंजवर लावून थेट सेलच्या ओळीत घालू नका. त्या रेंजचा आतला रोध मोठा असतो. मशीन चालू-बंद करताना चिपवर किती व्होल्टेज उरलं ते कळत नाही आणि फ्यूजही उडतो. त्याऐवजी:

१. आधी डेटाची नक्कल काढून ठेवा, मग होल्डरमधला सेल काढा. त्याच्या जागी दोन पेन्सिल सेल ओळीत जोडून किंवा बेंच सप्लायमधून ३.० व्होल्ट द्या. धन बाजूच्या ओळीत १ किलोओहमचा एक टक्का रेझिस्टर घाला.
२. मशीनला मेन्स द्या, एकदा नीट चालू होऊ द्या, मग बंद करा. हे टाळू नका. नुसता बोर्ड टेबलावर घेऊन सेल लावला तर पिना वेगळ्याच अवस्थेत थांबतात आणि आकडा फसवतो.
३. दहा मिनिटं थांबा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या. मग रेझिस्टरच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट मोजा. जितके मिलिव्होल्ट तितके मायक्रोअँपिअर.

पाचच्या आत असेल तर सर्किट ठीक. पंधराच्या वर असेल तर दोष नक्की आहे. मधला आकडा आला तर हेअर ड्रायरने बोर्ड हलका गरम करा. गळती सेमीकंडक्टरची असेल तर दर दहा अंशांना ती साधारण दुपटीने वाढते. बोर्डावरच्या ओलाव्याची असेल तर गरम झाल्यावर उलट कमी होते. एका मिनिटात दोन संशयित वेगळे होतात.

सेल स्वतः मोजतानाही एक काळजी घ्या. लिथिअम सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३ व्होल्ट दाखवत राहतो, त्यामुळे भाराशिवाय २.९ दिसले म्हणून तो चांगला ठरत नाही. दोन-तीन सेकंद १ किलोओहम लावून पाहा. २.५ च्या खाली घसरला तर तो संपत आलाय.

चिप-इनेबलची वाट: सर्वांत जास्त वेळा दोष इथेच

मशीन बंद, सेल जागेवर. ६२२५६ च्या पिन २० आणि पिन २८ मधलं व्होल्टेज मोजा. ०.२ च्या आत हवं. ६२६४ असेल तर पिन २० सोबत पिन २६ सुद्धा पाहा. ते दुसरं चिप-सिलेक्ट आहे आणि ते एकतर जमिनीपासून ०.२ च्या आत किंवा व्हीसीसीपासून ०.२ च्या आत असायला हवं, मध्ये लोंबकळता कामा नये.

नेहमी सापडतं ते असं: पिन २० ला व्हीसीसीकडे पुल-अप रेझिस्टर आहे आणि तीच पिन सरळ ७४एचसी१३८ डिकोडरच्या (पत्त्यावरून कोणती चिप निवडायची ते ठरवणाऱ्या चिपच्या) आउटपुटला गेली आहे. कागदावर हे बरोबर वाटतं. डिकोडर बंद म्हणजे आउटपुट मोकळा, मग पुल-अप पिन वर धरून ठेवेल. पण सीमॉस चिपच्या आउटपुटपासून तिच्या स्वतःच्या व्हीसीसीकडे आत एक डायोड असतोच. डिकोडरचा ५ व्होल्ट बंद, म्हणजे ती रेल (पुरवठ्याची ओळ) बोर्डावरच्या इतर भारांतून शून्यावर आलेली. सेलचा करंट पुल-अपमधून पिन २० वर, तिथून डिकोडरच्या त्या डायोडमधून मेलेल्या ५ व्होल्टच्या रेलमध्ये जातो. पिन २० साधारण ०.६ व्होल्टवर बसते आणि चिप कायम निवडलेली राहते.

आकडाही ओळखू येतो. व्हीसीसी २.७ धरलं तर (२.७ − ०.६) भागिले १० किलोओहम, म्हणजे २१० मायक्रोअँपिअर. पुल-अप ४७ किलोओहमचा असेल तर ४५. पुष्कळ जण पुल-अप मोठा करून गळती कमी झाली म्हणतात. सेल जास्त दिवस टिकतो हे खरं, पण पिन २० अजून ०.६ वरच असते आणि डेटा केवळ दैवाने वाचत असतो. हा उपाय करू नका.

खरा उपाय म्हणजे डिकोडर आणि पिन २० यांच्यामध्ये तोडणारी पायरी घालणं. सुट्या भागांत करायचं तर एक एनपीएन ट्रान्झिस्टर पुरतो. २एन३९०४ घ्या: एमिटर डिकोडरच्या आउटपुटला, कलेक्टर पिन २० ला, पिन २० पासून चिपच्या व्हीसीसीला ४.७ किलोओहम, आणि बेस ४.७ किलोओहममधून सुपरवायझर चिपच्या (५ व्होल्टवर नजर ठेवणाऱ्या चिपच्या) रिसेट आउटपुटला. मॅक्स८०९एल सारखा सुपरवायझर ४.६३ व्होल्टखाली आउटपुट शून्यावर धरतो. बेस शून्य, ट्रान्झिस्टर बंद, पिन २० पूर्ण व्हीसीसीला. ट्रान्झिस्टर बंद असताना पुल-अपमधून करंट वाहतच नाही, म्हणून तो मोठा ठेवायची गरजही उरत नाही. ८०८५, झेड८०, ८०५१ च्या बसला हा वेग सहसा पुरतो. त्याहून वेगवान बस असेल तर ट्रान्झिस्टरच्या बंद होण्यातला उशीर नडतो, तिथे पुढे सांगितलेली तयार चिपच वापरा.

डायोड आणि ट्रान्झिस्टर: कमी ड्रॉपच्या मोहात

मेन्सच्या बाजूने ५ व्होल्ट आणि सेलच्या बाजूने ३ व्होल्ट, दोन्ही चिपच्या व्हीसीसीला डायोडमधून आणायचे ही जुनी पद्धत. ५ व्होल्टच्या बाजूला १एन४१४८ लावला तर चिप काम करत असताना, ४०-७० मिलिअँपिअरला, ०.८ व्होल्ट खाल्ले जातात, हाच ड्रॉप. चिपला ४.२ मिळतात, तिची किमान मागणी ४.५ ची. म्हणून कोणीतरी तो काढून १एन५८१७ शॉटकी (कमी ड्रॉपचा डायोड) लावतो. ड्रॉप सुटतो, गळती सुरू होते. मशीन बंद झालं की त्या डायोडवर २.७ व्होल्ट उलटे पडतात आणि मोठ्या शॉटकीतून एवढ्यावरही मायक्रोअँपिअरच्या कित्येक पट करंट उलटा जातो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पॅनेलच्या आत ४५-५० अंश झाले की तोच आकडा चौपट. एक अँपिअरचा शॉटकी या जागी नकोच. छोटे बॅट४३ किंवा बॅट८५ उलट्या करंटला खूप बरे, बॅट४३ च्या उलट्या करंटची कमाल मर्यादा २५ व्होल्टला आणि २५ अंशांना ०.५ मायक्रोअँपिअर आहे.

सेलच्या बाजूला मात्र साधा १एन४१४८ च हवा, शॉटकी अजिबात नाही. मशीन चालू असताना त्या डायोडवर उलटे २ व्होल्ट असतात आणि जे गळतं ते सेलला चार्ज करतं. सीआर सेल चार्ज करण्यासाठी नाहीतच. सेलचे निर्माते संपूर्ण आयुष्यात क्षमतेच्या ३ टक्क्यांइतकंच उलटं चार्जिंग सोसतं असं धरतात. २२० चे ३ टक्के ६.६ मिलिअँपिअर-तास, पाच वर्षांवर वाटले तर ०.१५ मायक्रोअँपिअर. १एन४१४८ नॅनोअँपिअरमध्ये राहतो. दोन मायक्रोअँपिअरला त्याचा ड्रॉप ०.४ च्या आसपास, म्हणजे सेल २.५ वर येईपर्यंत चिपला २.१ मिळत राहतात. सोबत १ किलोओहम ओळीत ठेवा, डायोड शॉर्ट झाला तर सेल फुगण्याचा धोका त्याने टळतो.

काही बोर्डांवर ५ व्होल्टच्या बाजूला डायोडऐवजी पीएनपी ट्रान्झिस्टर असतो. कल्पना चांगली, ड्रॉप ०.१ वर येतो. पण सवयीने बेस आणि एमिटरमध्ये १० किलोओहम टाकलेला असतो, आणि इथे तो घात करतो. मशीन बंद असताना कलेक्टर सेलमुळे २.७ वर, एमिटर मेलेल्या रेलमुळे शून्यावर. कलेक्टर-बेस जंक्शन सरळ दिशेने चालू होतं, करंट त्या १० किलोओहममधून रेलमध्ये उतरतो आणि ट्रान्झिस्टर उलटा चालू झाल्याने त्याच्याही काही पट जास्त कलेक्टरमधून एमिटरकडे वाहतो. असा रेझिस्टर सापडला आणि बेसला चालवणारा एनपीएन मशीन बंद असताना खरोखर बंद असेल, तर रेझिस्टर काढून टाका.

व्हीसीसीवरचे कपॅसिटरही पाहा. सेलच्या बाजूला १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावलेला असतो. १६ व्होल्टच्या अशा कपॅसिटरची मान्य गळती १६ मायक्रोअँपिअरपर्यंत असू शकते, जुना झाला की आणखी. त्या जागी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक, चिपच्या पिन १४ आणि २८ ला चिकटून. मोठा इलेक्ट्रोलिटिक हवाच असेल तर तो ५ व्होल्टच्या रेलवर राहू द्या.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत हवेतली आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि समुद्राची खारी हवा वेगळी. सेलच्या धन ट्रॅकपासून ग्राउंडपर्यंत बोर्डाच्या पृष्ठभागावरून १ मेगओहमची वाट तयार झाली तरी ३ मायक्रोअँपिअर गेले, १०० किलोओहमला ३०. ही वाट बहुधा आधीच्या दुरुस्तीत राहिलेल्या फ्लक्सची असते, विशेषतः डबीतली सोल्डर पेस्ट सढळ वापरली असेल तर. सेल होल्डर आणि एसरॅमचा परिसर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कडक ब्रशने दोनदा धुवा. पहिल्यांदा फ्लक्स विरघळून पसरतो, दुसऱ्यांदा निघतो. ६० ते ७० अंशांच्या गरम हवेत नीट वाळवून मग कोटिंगचा स्प्रे मारा. ओल्या बोर्डावर कोटिंग मारणं धुण्यापेक्षा वाईट, ओलावा आतच कोंडतो. सॉकेटच्या आतून गळती असेल तर ती धुऊन सुटत नाही, सॉकेट बदला.

मूळ बोर्डावर निकेल-कॅडमिअम बॅटरी होती आणि ती गळून हिरवट डाग पडलेले असतील, तर ते अल्कली आहे. आधी पातळ व्हिनेगर, मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी अल्कोहोल. त्या जागी सीआर२०३२ लावत असाल तर चार्जिंगचा रेझिस्टर कापल्याशिवाय लावू नका.

दोन-चार बाइटच बिघडत असतील तर

वीज जाते तेव्हा ५ व्होल्ट एकदम पडत नाही. मोठ्या कपॅसिटरमुळे ते हळू उतरतं, आणि ४.५ च्या खाली प्रोसेसर काय करेल याचा भरवसा नसतो. त्या वेळात एसरॅमच्या डब्ल्यूई (राइट-इनेबल) पिनवर एक खाली जाणारा पल्स पुरेसा आहे. १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडचा साधा रिसेट इथे उपयोगी नाही, तो फक्त चालू होताना काम करतो. उतरत्या व्होल्टेजला प्रोसेसर थांबवणारा आणि त्याच क्षणी चिप-इनेबल बंद करणारा सुपरवायझर हवा. जुन्या एसएमपीएसचे (स्विचिंग पॉवर सप्लायचे) कपॅसिटर सुकले असतील तर ५ व्होल्टमध्ये चालू असतानाही खड्डे पडतात, म्हणून पिन २८ वर ऑसिलोस्कोप लावून पाहा.

नव्याने करायचं तर डीएस१२१० ही तयार चिप लावणं सर्वांत सरळ. आठ पिनांत सेलकडे वळणं आणि चिप-इनेबल तोडणं, दोन्ही. पिन ८ ला ५ व्होल्ट, पिन १ चिपच्या व्हीसीसीला, पिन २ सेल, पिन ४ ग्राउंड, पिन ५ डिकोडर, पिन ६ एसरॅमची पिन २०. पिन ३ ग्राउंडला जोडली तर ५ व्होल्ट उतरत ४.५० ते ४.७४ च्या दरम्यान आल्यावर कुलूप लागतं, म्हणजे चिप-इनेबल तोडलं जातं, ६२२५६ ला तेच हवं. पिन ७ दुसऱ्या सेलसाठी आहे, वापरत नसाल तर ती ग्राउंडला जोडलीच पाहिजे. चिप-इनेबलला उशीर जास्तीत जास्त २० नॅनोसेकंद. एक गोष्ट गोंधळात टाकते: सेल २ व्होल्टच्या खाली असेल तर वीज आल्यावर ही चिप मेमरीचा दुसरा अ‍ॅक्सेस मुद्दाम अडवते. तो दोष नाही, सेलची सूचना आहे. आणि सप्लाय ४.८ वर असेल तर अधूनमधून कुलूप लागेल. पिन ८ वर ५.० ते ५.१ मिळेल असा सेट करा.

सेलच नको म्हणून एफएम१८डब्ल्यू०८ सारखी एफरॅम (वीज नसतानाही डेटा टिकवणारी मेमरी) लावता येते, पिना ६२२५६ प्रमाणेच. पण ती प्रत्येक अ‍ॅक्सेसला चिप-इनेबल खाली येताना पत्ता पकडते. तुमच्या बोर्डावर पिन २० कायम खाली बांधलेली असेल तर ती चालणार नाही. वीज जातानाच्या राइटपासूनही तिला संरक्षण लागतंच.

चिप घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ६२२५६ सहज मिळते, पण नावापुढची अक्षरं वाचा. एल किंवा एलएल नसलेल्या जुन्या चिपना बहुतेक कंपन्या डेटा टिकवण्याची हमी देत नाहीत. जुन्या मदरबोर्डच्या कॅशमधल्या १५ नॅनोसेकंदवाल्या ३२ केच्या चिप पिनांनी जुळतात, पण स्टँडबायलाच मिलिअँपिअर घेतात. छापील नाव घासून नवं टाकलेल्या चिपही असतात, म्हणून वरच्या एक किलोओहमच्या पद्धतीने प्रत्येक चिप मोजूनच बसवा.

दुरुस्तीनंतर मेमरीत ५५ आणि एए चे आकडे आलटून पालटून भरा. डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) मेन्स २३० वरून हळूहळू उतरवत मशीन पंचवीस-तीस वेळा बंद-चालू करा, दर वेळी तपासा. मग सेलच्या जागी बेंच सप्लाय लावून पिन २८ वर २.० व्होल्ट येतील इतकं खाली आणा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सगळे बाइट जागेवर असतील आणि गरम बोर्डावरही गळती ५ मायक्रोअँपिअरच्या आत असेल, तर सेल लावून पॅनेलच्या दाराच्या आत चिठ्ठी चिकटवा: तारीख, मोजलेला करंट आणि पाच वर्षांनंतरची सेल बदलायची तारीख.